गल्ल्यातली चिल्लर चाळताना नेमकं काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. इस्लामपूरकडच्या एका मुलाच्या वडिलांचं किराणा दुकान आहे, रोज संध्याकाळी गल्ल्यात चारपाचशेची चिल्लर जमते. त्यातून जुनी किंवा दुर्मिळ नाणी मिळतात का, मिळत असतील तर ओळखायची कशी, आणि बँकेतून नाण्यांच्या पिशव्या आणून चाळल्या तर फायदा होतो का हे त्याला विचारायचंय. त्याला १९८५ चा एक रुपया सापडलाय ज्याच्या तारखेखाली बारीक चौकट (पत्त्यांत असते तशी) आहे, आणि मित्र म्हणतोय की हा दोन लाखाला जातो. वैष्णोदेवीच्या नाण्याचंही त्याने विचारलंय.

मी सांगलीत २६ वर्षं पिग्मीचं, म्हणजे पतसंस्थेसाठी रोजच्या छोट्या बचतीचं कलेक्शन करते. भाजीवाल्या, टपऱ्या, सलून, चहाचे गाडे, पानपट्ट्या, सगळीकडून रोजची चिल्लर माझ्या पिशवीतून पतसंस्थेत जाते आणि जायच्या आधी ती माझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर एकदा पसरली जाते. म्हणजे मी जे सांगणार आहे ते पुस्तकात वाचून नाही, हाताखालून गेलेल्या नाण्यांवरून सांगतेय.

आधी लाखांचं मिटवून टाकू. चलनात फिरून घासलेलं वैष्णोदेवीचं ५ किंवा १० रुपयांचं नाणं लाखाला जात नाही, हजारालाही नाही. ही नाणी २०१२ ची आहेत, भरपूर निघाली, लोकांनी देव्हाऱ्यात नेऊन ठेवली म्हणून हातात कमी दिसतात एवढंच. लाख देतो म्हणणारे जे फोन येतात ते आधी तुमच्याकडून पैसे मागतात, रजिस्ट्रेशन, टॅक्स, कमिशन असं काहीतरी नाव देतात, आणि सोबत रिझर्व्ह बँकेचा लोगो असलेलं पत्र पाठवतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलंय की आम्ही अशा कुठल्याही व्यवहारात नाही, कमिशन घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. माझ्या ओळखीतल्या एका बाईंचे असे साडेचार हजार गेले, नाणं शेवटपर्यंत त्यांच्या कपाटातच होतं. म्हणून पहिलं हे की नाणं विकायचं असेल तर विकणारा पैसे घेतो, देत नाही. कुणी तुमच्याकडेच मागितले की फोन ठेवायचा.

मग यात मिळतं काय? मिळतं. हळूहळू मिळतं, आणि बहुतेक वेळा दर्शनी किमतीच्या दहापट वीसपट असं मिळतं, म्हणजे दोन रुपयाचे वीस-चाळीस. माझ्या २६ वर्षांत हजाराच्या वर गेलेली नाणी दोन हातांच्या बोटांवर मोजून होतात. पण संग्रह म्हणाल तर माझ्याकडे आज प्रजासत्ताकाच्या, म्हणजे १९५० पासूनच्या नाण्यांचे सहा अल्बम आहेत आणि त्यातली निम्म्याहून जास्त नाणी मला दर्शनी किमतीत पडलीत, रुपयाचा रुपया देऊन. दुकानात जाऊन हीच विकत घेतली असती तर माझ्या पगारात बसलंच नसतं.

आता बँकेच्या पिशव्या की गल्ला. तुमच्याकडे गल्ला आहे तर पिशव्यांच्या मागे आत्ताच लागू नका, गल्ला केव्हाही बरा. कारण सांगते. बँकेत दोन प्रकारची चिल्लर असते. एक टाकसाळीतून रिझर्व्ह बँक आणि करन्सी चेस्ट, म्हणजे रिझर्व्ह बँकेचा रोख साठा ठेवणाऱ्या बँकशाखा, यांच्यामार्फत आलेली कोरी नाणी, ज्यात अख्खी पिशवी एकाच वर्षाची, एकाच टाकसाळीची, एकाच डिझाइनची निघते. ती चाळायला दहा मिनिटंही लागत नाहीत, आणि जुनं काही निघायचा प्रश्नच नाही. दुसरी म्हणजे लोकांनी जमा केलेली, देवस्थानांची, टोलनाक्यांची, पेट्रोल पंपांची, १००-१०० च्या प्लास्टिकच्या पाकिटांत भरलेली. ती मिसळ असते आणि त्यात मजा आहे, पण ती पाकिटं देवस्थानातून येताना बऱ्याचदा आधीच कुणीतरी चाळलेली असतात, कारण मोजायला बसणाऱ्यांत एखादा तरी छंदवाला असतोच. गल्ल्यात मात्र येणारं नाणं म्हातारीच्या बटव्यातून, पोराच्या फोडलेल्या मातीच्या गल्ल्यातून, वीस वर्षं बंद असलेल्या ट्रंकेतून सरळ येतं, त्याला मधे कुणी बघितलेलं नसतं. महिनाअखेरीला, शाळा सुरू व्हायच्या सुमारास आणि दिवाळीच्या आवराआवरीत बघा, घरात साठलेली जुनी चिल्लर तेव्हा बाहेर पडते. माझी निम्मी चांगली नाणी जून आणि ऑक्टोबरातली आहेत.

तरी बँकेत जायचंच असेल तर कॅशियरला सरळ विचारा, नवीन पिशवी आहे का जमा झालेली. आजकाल शाखांमध्ये नाणी पडून असतात, घ्यायला कुणी आलं तर त्यांना बरंच वाटतं. नवीन पिशवीचा उपयोग दोन गोष्टींसाठी: एक, डाग नसलेली कोरी नाणी, आणि दुसरं, टाकसाळीत चुकलेली नाणी, कारण चुकलेलं नाणं बाजारात आलं की चार हात फिरायच्या आत कुणीतरी उचलतं. चाळून झालेली नाणी परत भरताना त्याच शाखेत त्याच आठवड्यात नेऊ नका. बँकेला नाणी नाकारता येत नाहीत हे खरं, रिझर्व्ह बँकेने वारंवार सांगितलंय, पण काउंटरवरच्या माणसाला ती मोजायची असतात, त्याच्याशी संबंध चांगले राहिले तर पुढच्या वेळी तोच आतून जुनं पाकीट काढून देतो. मी १००-१०० ची पाकिटं करून नेते, वर आकडा लिहून.

आणि एक गोष्ट अगदी पहिल्या दिवसापासून पाळा. गल्ल्यातलं नाणं उचललं की त्याच वेळी त्याच्या बदली आपल्या खिशातलं तेवढ्याच किमतीचं टाकायचं. नंतर टाकतो म्हणायचं नाही. मी तर परक्याच्या पैशात हात घालत होते त्यामुळे माझ्या पिशवीत कायम शंभरची मोड वेगळी असायची, नाणं बाहेर आलं की दुसरं आत गेलं. दुकान वडिलांचं असलं तरी हिशोब जुळला पाहिजे, नाहीतर आठवड्यात हा छंद बंद होतो.

चाळायची पद्धत. ताटात नाही, जाड कापडावर ओता, म्हणजे नाणी एकमेकांवर आपटून ओरखडत नाहीत. आधी हातानेच आकाराप्रमाणे वेगळी करायची, नवीन बारके १ रुपये (२०११ नंतरचे सुमारे २२ मिलिमीटरचे आणि २०१९ च्या मालिकेतले त्याहून लहान २० चे) बाजूला सारायचे, त्यात सध्या फार काही नाही. मग मोठे रुपये, ११ कोनांचे २ रुपये, जाडजूड ५ रुपये हे तीन ढीग. माझा सगळा वेळ या तीन ढिगांवर जातो. ५० पैसे दिसले तर सरसकट काढून ठेवायचे, ते अजून कायदेशीर चलन आहे पण बाजारात कुणी घेत नाही म्हणून आलंच तर ते जुन्या साठ्यातलं असतं. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बंद झाली, तरी चुकून एखादा चार आणे देऊन जातो, तेही ठेवायचं. आखाती देशांतून आलेल्या घरांतली चिल्लर असेल तर अमिरातीचा दिऱ्हम ५ रुपयांच्या ढिगात हमखास घुसलेला असतो, दिसायला जवळपास तेवढाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तारखेखालचं टिंब. ज्याला हे कळलं त्याला निम्मं कळलं. आपल्याकडे चार टाकसाळी. मुंबईची खूण म्हणजे तारखेखाली बारीक चौकट, डायमंड. हैदराबादची चांदणी. नोएडाची गोल टिंब. कोलकात्याची काहीच खूण नाही, तारखेखाली मोकळं. एकाच वर्षाचा तोच रुपया चारही टाकसाळीत निघालेला असू शकतो आणि एकीत भरपूर, दुसरीत अगदी थोडा. म्हणून संग्राहक वर्ष विचारत नाही, वर्ष आणि टाकसाळ विचारतो. तुमचा १९९८ चा २ रुपये कुणाला नको असेल आणि शेजारचा, तोच, फक्त खालची खूण वेगळी असलेला, माणूस लगेच मागून घेईल.

यात फसायला होतं ते असं. घासलेली चौकट गोल टिंबासारखी दिसते, घासलेली चांदणीसुद्धा. मग नवखा माणूस मुंबईच्या नाण्याला नोएडा म्हणतो. यावर सोपा उपाय, नोएडाच्या टाकसाळीत नाणी पाडायला सुरुवात १९८८ मध्ये झाली, त्यामुळे १९८५ किंवा ८६ च्या नाण्यावर गोल टिंब दिसलं तर ते नोएडा असूच शकत नाही, ती दुसरी कुठलीतरी घासलेली खूण आहे नाहीतर मळ आहे. मळ म्हणजे खरोखर मळ, चहाच्या गाड्यावरच्या नाण्यांत तारखेच्या खाली साखरेचा काळा कण बसतो तो अगदी टिंबासारखा. मी लाकडी टूथपिक पाण्यात बुडवून हलकेच लावते, निघाला तर मळ, नाही निघाला तर खूण. सुई नाही वापरायची, पिन नाही. उलटही होतं, छाप्याच्या, म्हणजे नाण्यावर ठसा उठवणाऱ्या साच्याच्या खाचेत ग्रीस साचलं की खूण उमटतच नाही आणि मुंबईचं नाणं कोलकात्याचं दिसतं. अशा वेळी आकड्यांची ठेवण दुसऱ्या नाण्याशी ताडून बघावी लागते, १० पटीचं भिंग घ्या, सोनाराकडे असतं तसलं, दोनतीनशेत मिळतं.

भारतीय टाकसाळींच्या पलीकडे अजून एक मामला आहे, आणि तुमचा १९८५ चा रुपया नेमका त्यातला असू शकतो. ऐंशीच्या दशकात सुट्या पैशांची भयानक टंचाई होती, माझी आई सांगायची की वाणी सुट्ट्याच्या बदली गोळ्या द्यायचा. तेव्हा सरकारने नाणी परदेशातून पाडून आणली. १९८५ चे काही रुपये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीतून आले, त्यावर तारखेखाली इंग्रजी एच अक्षर आहे, आणि वेल्समधल्या लँट्रिसंटच्या रॉयल मिंटमधूनही आले. त्याच वर्षाचे काही ५० पैसे दक्षिण कोरियातून आले. १९८८ चे स्टीलचे २५ पैसे कॅनडाच्या ओटावातून, इंग्रजी सी अक्षर असलेले. पुढे नव्वदच्या शेवटी परत तेच, १९९७ च्या रुपयावर मेक्सिकोची खूण, १९९८ च्या रुपयावर स्लोव्हाकियातल्या क्रेम्निकाची एमके, आणि १९९९-२००० च्या ५ रुपयांवर मॉस्कोची.

यातला लँट्रिसंटचा रुपया ओळखणं म्हणजे नजरेची परीक्षा. खूण तीच, चौकट, मुंबईसारखीच. फरक जागेचा. मुंबईची चौकट तारखेच्या मधोमध खाली असते, लँट्रिसंटची पहिल्या आकड्याखाली, म्हणजे १९८५ मधल्या एकाच्या खाली. कोरियाच्या ५० पैशांचंही तसंच, चांदणी आहे म्हणून हैदराबाद म्हणून टाकलं तर गेलं, ती मधोमध नसून कडेच्या आकड्याखाली असते. मला हे कळायला सहा वर्षं गेली. २००३ च्या पावसाळ्यात एका भाजीवाल्या मावशींच्या पिग्मीत ओल्या, कोथिंबिरीचा वास येणाऱ्या चिल्लरीत एक ८५ चा रुपया आला. मी तो मुंबईच्या खणात टाकायला गेले, आणि शेजारी आधीचा ८५ चा पडला होता म्हणून नजर गेली. एकाची चौकट नऊ आणि आठच्या मधोमध खाली, दुसऱ्याची सरकून थेट पहिल्या १ च्या पायाशी. आधी वाटलं छापा घसरला असेल. मग ट्यूबलाइटखाली दोन्ही धरून बघितलं, आकड्यांची ठेवण स्वच्छ, छापा कुठे घसरलेला नाही, फक्त चौकट तिच्या जागी नाही. दुसऱ्या दिवशी कपाटातले साठवलेले सगळे ८५ चे रुपये काढले, ३१ होते, त्यात आणखी चार निघाले. म्हणजे सहा वर्षं मी ते हातात घेऊन मुंबई म्हणून ठेवत होते. किंमत म्हणाल तर हे नाणं दुर्मिळ नाही, दोन लाख सोडा, वापरलेलं असेल तर थोड्याफार रुपयांची गोष्ट आहे. पण त्या दिवशी मला जे वाटलं ते अजून तसंच आठवतं, रात्री झोपच लागली नाही.

धातूकडे वळते, इथे चुंबक लागतं. फ्रिजवरचं चालेल, स्पीकरमधलं असलं तर उत्तम. १९९२ पासूनचे १ रुपये स्टीलचे, चिकटतात. ११ कोनांचे जुने २ रुपये आणि १९९२ पासूनचे जाड ५ रुपये कॉपर-निकेलचे (तांबं आणि निकेलचा मिश्रधातू), चिकटत नाहीत. मग २००५ नंतर कॉपर-निकेल महाग पडायला लागलं, आपली नाणी सीमेपलीकडे नेऊन वितळवून ब्लेड करतात अशा बातम्या तेव्हा पेपरात यायच्या, आणि एकेक करत २ आणि ५ रुपयेही स्टीलवर गेले. बदलाच्या त्या एकदोन वर्षांतच सापडतं. २००६-०७ च्या सुमाराची ५ रुपयांची काही स्मारक नाणी, म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या किंवा प्रसंगाच्या आठवणीत काढलेली, दोन्ही धातूंत निघाली, आमच्याकडे जास्त येतं ते महात्मा बसवेश्वरांचं. दिसायला एकच. स्टीलचं वजन ६ ग्रॅम, कॉपर-निकेलचं ९, हातात घेतलं तरी कळतं, चुंबकाला लावलं तर एक उडी मारून चिकटतं, दुसरं ढिम्म. दोन्ही हवीत, आणि एकाच प्रकारची दहा जमवून दुसरं नाही म्हणून बसलेले लोक मला माहीत आहेत. दुसरं एक, जुन्या नाण्यांत चुंबकाला चिकटलं म्हणजे स्टील असं समजू नका. १९६२ पासून सत्तरच्या मध्यापर्यंतचे मोठे रुपये शुद्ध निकेलचे होते, निकेलही चुंबकाला चिकटतं. १९७५ पासून कॉपर-निकेल आलं आणि चिकटणं थांबलं. एका माणसाने तर चिकटतंय म्हणजे खोटं म्हणून आपल्या आजोबांचा निकेलचा रुपया मला चहाला देऊन टाकला होता, मी तो परत दिला आणि काय आहे ते सांगितलं.

स्मारक नाणी शोधणं सगळ्यात सोपं, म्हणून सुरुवात तिथून करा. आपल्या मराठी माणसाला आवडेल अशी एक ओळच लागते: १९९० चा डॉ. आंबेडकरांचा रुपया, १९९९ चा संत ज्ञानेश्वरांचा रुपया, १९९९ चेच छत्रपती शिवाजी महाराजांचे २ रुपये, २००२ चे संत तुकारामांचे २ रुपये, २००७ चे लोकमान्य टिळकांचे ५ रुपये. ही पाचही चलनात आलेली नाणी आहेत, मी ती सगळी चिल्लरीतूनच काढली, ज्ञानेश्वर शेवटी सापडले आणि त्यांनीच सगळ्यात जास्त वाट बघायला लावली. आषाढीच्या आधी पालखीच्या वाटेवरच्या टपऱ्यांवर तुकाराम जास्त दिसतात असं माझं निरीक्षण आहे, लोक ते जपून ठेवतात आणि वारीला निघताना पिशवीत टाकतात, वाटेत सुट्टे संपले की मग नाइलाजाने देतात. २००३ चे रेल्वेच्या १५० वर्षांचे २ रुपये, हातात कंदील घेतलेल्या हत्तीचे, लहान मुलांना फार आवडतात, घरात मूल असेल तर हे त्यालाच शोधायला द्या.

एक सूचना, २ रुपयांचं २००५ ते ०७ चं क्रॉससारखी रेघ असलेलं नाणं आणि १० रुपयांची निरनिराळी डिझाइनं यावर अफवा फार आहेत. ते २ रुपये साधे आहेत, अनेकतेत एकता अशी ती रचना आहे. १० रुपयांची १४ डिझाइनं चालतात हे रिझर्व्ह बँकेनेच २०१८ मध्ये सांगितलंय, रुपयाचं चिन्ह असो नसो. वडिलांना सांगा १० चं नाणं नाकारू नका, गावात कुणी घेत नाही म्हणून ती सगळी तुमच्या दुकानात येतील, आणि त्यात २००५ तारखेचं एखादं असेल. पहिली दहाची नाणी २००५ ची तारीख घेऊन पाडली गेली आणि लोकांच्या हातात २००९ मध्ये आली, ती मी अजून कुठे दिसलं की ठेवून घेते.

चुकलेली नाणी, एरर. यावर व्हिडिओ खूप आहेत आणि त्यातले बरेच चुकीचे. रोज करता येण्यासारखी एक तपासणी सांगते. नाणं सिंहाची बाजू सरळ धरा, वरचं टोक वरच राहू देऊन पुस्तकाच्या पानासारखं डावीकडून उजवीकडे उलटा. आपल्या नाण्यात मागची बाजूही सरळच दिसली पाहिजे. ती कलती आली तर छापा फिरलेला आहे. दहापंधरा अंश फिरलेली पुष्कळ मिळतात, त्यांना कुणी विचारत नाही. ९० अंश, १८० अंश फिरलं असेल तर ठेवा. छापा मधोमध न बसता एका बाजूला सरकलेला आणि दुसऱ्या बाजूला चंद्रकोरीसारखी कोरी जागा, हे चांगलं, आणि तारीख वाचता येत असेल तर जास्त चांगलं. दोन्ही बाजूंना तेच चित्र पण एका बाजूला आरशातल्यासारखं उलटं आणि खोल गेलेलं, हे फार छान, असं मला एकदाच मिळालं, ५० पैशांचं. आधीचं नाणं छाप्याला चिकटून राहिलं की पुढच्या नाण्यावर त्याचा ठसा उठतो, त्यातून ते होतं.

जे एरर नाही ते असं: रुळावर ठेवून चपटलेलं, हातोडीने ठोकलेलं, गॅसवर तापून रंग बदललेलं, ॲसिडमध्ये टाकून बारीक झालेलं. १० रुपयांचा मधला गोळा काढून उलटा बसवलेला तर जत्रेत विकतात. बघायची युक्ती, टाकसाळीत झालेल्या चुकीत धातू वाहिलेला असतो, कडा गुळगुळीत, चकाकी सलग. नंतर केलेल्यात कुठेतरी ओरखडा, दाबल्याची खूण, कडेला चेपलेलं असतंच. भिंगाखाली कड बघा, चेहरा नाही. कड खोटं बोलत नाही असं मला पुण्याच्या एका जुन्या व्यापाऱ्याने सांगितलं होतं आणि ते खरं ठरलंय. जाड ५ रुपयांच्या कडेला मधे खाच आणि त्यात बारीक नक्षी असते, ती नसेल, अर्धीच असेल, तर ते नाणं बाजूला काढा आणि वजन करा.

धुण्याबद्दल. धुऊ नका. मी नववीत असताना आजीच्या डब्यात भोकाचे पैसे होते, १९४३ ते ४७ मधले, ब्राँझचे, छान तपकिरी झालेले. मी त्यातले अकरा चिंच-मिठाने घासले, दिवाळीच्या समईसारखे चमकले, आजीही खूश झाली. पंधरा वर्षांनी एका जाणकाराला दाखवले तेव्हा त्याने ते अकरा एका बाजूला सारले आणि न घासलेले तीन हातात घेतले. पन्नाससाठ वर्षांत धातूवर जो रंग चढतो तो एकदा गेला की परत येत नाही, आणि घासल्याच्या रेषा भिंगाखाली कायम दिसतात. चिकट मळ असेल तर साध्या पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी मऊ सुती कापडावर टिपून घ्या, पुसायचं नाही, टिपायचं. त्यापुढे काही नाही.

ठेवायला मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकची पाकिटं, ज्याला पीव्हीसी म्हणतात, ती घेऊ नका, दोनतीन पावसाळ्यांत नाण्यावर हिरवट चिकट थर येतो, तांबं आणि कॉपर-निकेल तर खराबच होतं. पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर मिळतात, मधे पारदर्शक खिडकी असलेले, त्यात घालून स्टेपल मारायची आणि पुठ्ठ्यावर पेन्सिलीने वर्ष, टाकसाळ, कुठे सापडलं, कधी सापडलं. हे शेवटचं लिहाच. मला आज प्रत्येक नाण्याबरोबर ते देणारा माणूस आठवतो तो या ओळीमुळे. डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या. कोकणात राहत असाल तर चार.

विकण्याचं. घाई करू नका, आधी वर्षभर नुसतं बघा. मुंबई-पुण्यात नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे टेबलं लावून व्यापारी बसतात, दोन दिवस नुसतं फिरून भाव ऐका, कारण फोनवर दिसतो तो मागितलेला भाव असतो, मिळालेला नाही. विकायला नेताना दहा सारखी नाणी एकदम काढू नका. रिझर्व्ह बँकेचं मुंबईच्या फोर्टमधलं नाण्यांचं संग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरीच्या संशोधन संस्थेतलं संग्रहालय जमेल तेव्हा बघून या, खरं नाणं काचेत बघितलेलं असलं की खोटं हातात आल्यावर लगेच खटकतं. आणि कायद्याचं दोन वाक्यांत: चालू नाणी वितळवणं, कापणं, बिघडवणं हा गुन्हा आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं, ते परदेशी पाठवता येत नाही, आणि घर पाडताना वगैरे पुरलेला साठा सापडला तर तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, शिवराईचा हंडा सापडला म्हणून वाटून घेतला असं करू नका.

आता तुमचा रुपया. तो २६ मिलिमीटरचा, ६ ग्रॅमचा असायला हवा, चुंबकाला चिकटायला नको. सकाळच्या उजेडात खिडकीपाशी घेऊन बसा, भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून चालेल. चौकट मधोमध असेल तर मुंबई, पहिल्या १ च्या खाली असेल तर लँट्रिसंट. कडेची किनार कितपत शाबूत आहे तेही बघा. शेजारी गल्ल्यातला दुसरा ८५ चा रुपया ठेवून फोटो काढा, एकट्या नाण्याच्या फोटोवरून जागा कळत नाही, दोन शेजारी असले की लगेच कळतं. फोटो पाठवा, मी बघून सांगते. तोवर त्याला पाण्याशिवाय काही लावू नका.